अपघात सोसणारे अणुइंधन
(पुणे येथील बुधवार पेठेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याच्या बुधवार पेठेची ओळख अनेक परींनी सांगता येते. येथील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि शिक्षणाच्या इतिहासात या पेठेचे नाव कायमचे नोंदले गेले. याच पेठेत तुळशीबागेचा भांड्याकुंड्यांचा बाजार आहे आणि विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेली तापकीर गल्लीही आहे. आजचा विषय अणुभट्टीतील इंधनाचा असला, तरी तो समजून घेण्यास या दोन बाजारांतील साध्या वस्तू पुरेशा आहेत. त्यांपैकी एक म्हणजे तापकीर गल्लीतील फ्यूज आणि दुसरी म्हणजे पितळी भांड्याची कल्हई.

फ्यूजची तार मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. विजेचा भार वाढला की ती वितळते, प्रवाह खंडित होतो आणि घर वाचते. अणुभट्टीतही अशी व्यवस्था असते. धोक्याची सूचना मिळताच नियंत्रक कांड्या काही सेकंदांत आत शिरतात आणि विखंडनाची साखळी थांबते. तथापि येथे एक मूलभूत फरक आहे. घरातील फ्यूज उडाला की शेगडी थंड होऊ लागते. अणुभट्टीची साखळी थांबली तरी इंधनातील उष्णता थांबत नाही. अणुसुरक्षेचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

विझलेल्या भट्टीतील निखारा

युरेनियमच्या अणूचे विखंडन झाल्यावर जे तुकडे उरतात ते अस्थिर असतात. ते स्थिर होताना उष्णता बाहेर टाकत राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही अवशिष्ट उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा ते सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्याजवळ.

टक्केवारी लहान वाटली तरी प्रत्यक्ष आकडा लहान नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे २००५ व २००६ साली सुरू झालेले ५४० मेगावॅटचे दोन संच आहेत. यांतील एका संचात निर्माण होणारी उष्णता सुमारे १,७०० मेगावॅट असते. कारण उष्णतेचा साधारण एक-तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो. भट्टी बंद करून तास उलटल्यावरही सुमारे २५ मेगावॅट उष्णता निघत राहते. घरगुती वापराचे दोन किलोवॅटचे बारा हजार गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता आहे. ती वाहून नेण्यासाठी पाणी सतत खेळते ठेवावे लागते. पंप थांबले व पाणी आटले, तर प्रश्न उरतो तो एवढाच, की इंधन किती वेळ तग धरील?

झिर्कोनियमचे गुण आणि अवगुण

पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्टीतील इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या लहान दंडगोल गोळ्या. प्रत्येक गोळीचा व्यास एक सेंटिमीटरहून थोडा अधिक किंवा थोडा कमी असतो. अशा गोळ्या एका लांब, पातळ नळीत भरून नळीची दोन्ही टोके बंद केली जातात. या नळीचे कवच एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचे असते. किरणोत्सर्गी द्रव्ये आणि बाहेरचे पाणी यांच्यामधला हा पहिला बंदिस्त पडदा होय.

या नळीसाठी १९५० च्या दशकापासून झिर्कोनियमचा मिश्रधातू वापरला जातो. त्याची कारणे सबळ आहेत. हा धातू न्यूट्रॉन फारच थोडे शोषतो, म्हणून साखळी चालू ठेवण्यास अडथळा होत नाही. साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो वर्षानुवर्षे टिकतो. सुमारे १,८५० अंशांपर्यंत तो वितळत नाही. निसर्गात झिर्कोनियमसोबत हाफ्नियम हा न्यूट्रॉन गिळणारा धातू आढळतो आणि तो कसोशीने वेगळा काढावा लागतो. भारतात हे काम हैदराबाद येथील अणुइंधन संकुलात होते. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील वाळूत सापडणारे झिरकॉन हे त्याचे मूळ खनिज आहे.

मात्र या गुणी धातूचा एक अवगुण आहे. तापमान १,२०० अंशांच्या आसपास गेले की तो वाफेतील ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो. या क्रियेत तीन गोष्टी एकदम घडतात. नळी ठिसूळ होते. क्रियेतून नवी उष्णता बाहेर पडते आणि आधीच तापलेले इंधन आणखी तापते. शिवाय वाफेतील हायड्रोजन मोकळा होतो. एक किलोग्रॅम झिर्कोनियम पूर्णपणे गंजला, तर सुमारे अर्धा घनमीटर हायड्रोजन तयार होतो, आणि भट्टीत झिर्कोनियम किलोंनी नव्हे तर टनांनी असतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणूनच आणीबाणीच्या काळातही कवचाचे तापमान साधारण १,२०० अंशांवर जाऊ नये, अशी मर्यादा १९७० च्या दशकापासून नियमांत घालण्यात आली.

दोन दुर्घटना, दोन परिणाम

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने फुकुशिमा दाईइची केंद्राचे आणीबाणीचे वीजजनित्र निकामी केले. भट्ट्या भूकंपाबरोबरच बंद झाल्या होत्या. म्हणजे फ्यूज वेळेवर उडाला होता. परंतु पाणी खेळविण्यास वीज उरली नाही. पहिल्या संचातील इंधन काही तासांतच उघडे पडून वितळू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी, लाट आल्यापासून सुमारे चोवीस तासांनी, त्या संचाच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांच्या इमारतींतही स्फोट झाले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. इमारती उडविणारा हा हायड्रोजन मुख्यतः इंधनाच्या कवचातून, झिर्कोनियम आणि वाफ यांच्या संयोगातून, आला होता.

भारतातील एक घटना याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातील हायड्रोजनने पेट घेतला, आगीत केबली जळाल्या आणि एका संचाचा सर्व वीजपुरवठा सुमारे सतरा तास बंद पडला. कर्मचाऱ्यांनी भट्टी तत्काळ बंद केली. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडण्यात आले. गरम पाणी वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या निसर्गनियमाने भट्टीतील उष्णता बाहेर जात राहिली. इंधनाला इजा झाली नाही आणि किरणोत्सर्ग केंद्राबाहेर गेला नाही.

दोन्ही ठिकाणी वीज गेली होती. एका ठिकाणी पाणी पोचले, दुसऱ्या ठिकाणी पोचण्यास उशीर झाला. यावरून असे दिसते, की अशा प्रसंगी खरी संपत्ती म्हणजे वेळ होय. इंधनच थोडे अधिक सोशिक असते, तर माणसांना काम करण्यास अधिक अवधी मिळाला असता. फुकुशिमानंतर जगभर या दिशेने संशोधनास चालना मिळाली. अमेरिकेने २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र निधी दिला आणि फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया, रशिया व चीन येथेही काम सुरू झाले. या इंधनास इंग्रजीतून आलेले जे नाव आहे त्याचा मराठी अर्थ ‘अपघात सोसणारे इंधन’ असा होतो. ‘अपघात टाळणारे’ असा तो होत नाही, आणि हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

कल्हईचा मार्ग

पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्यावर आपल्या पूर्वजांनी पातेले बदलले नाही, तर आतून कथलाचा पातळ हात दिला. अणुइंधनाच्या बाबतीत सर्वांत आधी हाती आलेला उपाय याच जातीचा आहे. झिर्कोनियमची नळी तीच ठेवून तिच्या बाहेरील अंगास क्रोमियमचा थर द्यावयाचा. या थराची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतकी असते. वाफेशी गाठ पडते ती क्रोमियमची, आणि क्रोमियम फार सावकाश गंजतो. थर पातळ असल्याने न्यूट्रॉनही फारसे वाया जात नाहीत.

कल्हईच्या मर्यादाही येथे लागू पडतात. रिकामे पातेले चुलीवर राहिले तर कथील वितळून कल्हई जाते. त्याचप्रमाणे सुमारे १,३३० अंशांवर क्रोमियम व झिर्कोनियम एकमेकांत मिसळून वितळू लागतात आणि थराचे संरक्षण संपते. दुसरी मर्यादा अशी, की हा थर नळीच्या बाहेरून असतो. नळी फुगून फाटली, तर आत शिरलेल्या वाफेला आतील उघडा झिर्कोनियम मिळतोच. म्हणून या उपायाने मिळणारी मुदत मोठी नाही. परंतु जुन्या भट्ट्यांत फारसा बदल न करता तो वापरता येतो, हे त्याचे बळ आहे.

नवी नळी, नवी गोळी

दुसरा मार्ग पातेलेच बदलण्याचा आहे. लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू उच्च तापमानाच्या वाफेत स्वतःवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे घट्ट कवच धरतो. झिर्कोनियमच्या तुलनेत त्याचे गंजणे शंभरपटीहूनही मंद असते. परंतु लोखंड न्यूट्रॉन अधिक शोषते. ही तूट भरून काढण्यासाठी नळी अधिक पातळ करावी लागते आणि युरेनियम अधिक समृद्ध करावे लागते. शिवाय हा धातू सुमारे १,५०० अंशांवर, म्हणजे झिर्कोनियमच्या आधीच, वितळतो.

तिसरा मार्ग सिलिकॉन कार्बाइडचा. धार लावण्याच्या दगडांत वापरल्या जाणाऱ्या या कठीण पदार्थाचे धागे विणून नळी तयार करतात. ती वितळत नाही आणि वाफेत फारच सावकाश झिजते. मिळणारा अवधी येथे सर्वांत अधिक आहे. परंतु अशा नळीत सूक्ष्म भेगा पडल्यास वायू झिरपू शकतात, टोके बंद करणे अवघड जाते आणि गरम पाण्यात तिचा पृष्ठभाग हळूहळू विरघळतो. या अडचणी सुटेपर्यंत हा उपाय दूरचाच समजावा लागेल.

नळीप्रमाणे आतील गोळीवरही काम चालू आहे. युरेनियम ऑक्साइड सुमारे २,८०० अंशांपर्यंत वितळत नाही, परंतु उष्णता फार हळू बाहेर जाऊ देतो. त्यामुळे गोळीचा गाभा तिच्या काठापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. ऑक्साइडमध्ये क्रोमियम ऑक्साइडसारखा पदार्थ किंचित मिसळला तर गोळीतील कण मोठे होतात, विखंडनातून निघणारे वायू आतच अडून राहतात आणि नळीवरील ताण कमी होतो. युरेनियमचे सिलिसाइड व नायट्राइड उष्णता अधिक चांगली वाहून नेतात, पण पाण्याशी गाठ पडल्यास ते ऑक्साइडइतके स्थिर राहत नाहीत. एका गुणासाठी दुसरा सोडावा लागतो, हा अनुभव या क्षेत्रात पदोपदी येतो.

प्रयोगशाळेबाहेरही या इंधनाने पाऊल टाकले आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील हॅच केंद्रात २०१८ साली नव्या कवचाच्या पहिल्या नमुना कांड्या बसविण्यात आल्या. २०१९ मध्ये त्याच राज्यातील व्होग्टल केंद्रात क्रोमियमचा थर दिलेल्या कांड्या गेल्या. २०२१ मध्ये मेरिलँड राज्यातील कॅल्व्हर्ट क्लिफ्स केंद्रात अशा कांड्यांचा संपूर्ण जुडगा भट्टीत ठेवण्यात आला. रशियातही त्याच वर्षी रोस्तोव्ह केंद्रात चाचणी सुरू झाली.

भारताच्या भट्ट्यांचा वेगळा प्रश्न

भारतातील पहिले अणुवीज केंद्र महाराष्ट्रात आहे. तारापूरचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी उत्पादनात आले. ते उकळत्या पाण्याच्या जातीचे असून त्यांना समृद्ध युरेनियम लागते. २०२० पासून त्यांच्या नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले. फुकुशिमाचे संचही याच जातीचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे योजलेल्या भट्ट्या दाबाखालील साध्या पाण्याच्या आहेत. या दोन्ही जातींना परदेशांत चाललेल्या संशोधनाचा लाभ थेट घेता येण्यासारखा आहे.

परंतु तारापूरचे ३ व ४ क्रमांकांचे संच आणि देशातील बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांत नैसर्गिक युरेनियम वापरले जाते. त्यात विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. अशा भट्टीत न्यूट्रॉनांचा हिशेब काटकसरी संसारासारखा असतो, उधळपट्टीस वाव नसतो. लोखंडाच्या मिश्रधातूची नळी येथे परवडणारी नाही. क्रोमियमचा पातळ थर मात्र विचारात घेता येतो. म्हणजे बाहेरची वस्तू आणून बसविणे पुरेसे नाही, आपल्या भट्टीला साजेल असा उपाय आपणच शोधावयास हवा.

येथे भारतापाशी थोरियमच्या रूपाने स्वतःचे एक द्रव्यही आहे. थोरियम ऑक्साइड सुमारे ३,३०० अंशांवर वितळतो, युरेनियम ऑक्साइडपेक्षा उष्णता बरी वाहून नेतो आणि आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत असल्याने हवा वा वाफ लागल्यास बिघडत नाही. जड पाण्याच्या भट्ट्यांत थोरियमचे काही जुडगे यापूर्वी वापरले गेले आहेत. मात्र थोरियम स्वतः विखंडनक्षम नाही, त्याला विखंडनक्षम द्रव्याची जोड द्यावी लागते. तसेच आपल्या देशात वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचे धोरण आहे. जे इंधन भट्टीत उत्तम पण आम्लात विरघळताना अडचणीचे, ते आपल्या उपयोगाचे ठरेलच असे नाही.

घाई का करता येत नाही

एवढे उपाय माहीत असताना ते उद्याच का लागू होत नाहीत, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. इंधनाची कांडी भट्टीत महिने किंवा वर्षे राहते. तेवढ्या काळात किरणांच्या माऱ्याने ती फुगते, वाकते, तिच्यात वायू साठतो. नवी कांडी प्रथम संशोधन-भट्टीत ठेवावी लागते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची १९८५ साली कार्यान्वित झालेली ध्रुव भट्टी हे आपल्याकडील असे एक साधन आहे. पुढे जाड भिंतींआड, यंत्रहस्तांच्या साहाय्याने कांडी कापून तपासली जाते. त्यानंतर मोजके नमुने वीजकेंद्रात, मग संपूर्ण जुडगा, आणि शेवटी नियामक मंडळाची संमती. अशा चाचण्यांची साधने जगातही थोडीच आहेत. अनेक देशांना उपयोगी पडलेली नॉर्वेतील हाल्डन येथील भट्टी २०१८ साली कायमची बंद झाली.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. फुकुशिमानंतर भारतीय केंद्रांची फेरतपासणी झाली. भट्टीत बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या, हायड्रोजनचे ज्वलनाविना पाण्यात रूपांतर करणारी उपकरणे, वीज नसतानाच्या उपाययोजना यांवर भर देण्यात आला. सोशिक इंधन हे या सर्वांची जागा घेणारे नाही, त्यांना कामास लागण्यासाठी अवधी देणारे आहे.

गावाचा संबंध

हा विषय शास्त्रज्ञांचा, त्याच्याशी ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकांच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी आपली जागा सोडली. अणुकेंद्राभोवती सोळा किलोमीटरच्या परिघात आणीबाणीचे नियोजन केलेले असते आणि ते प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असते. इशारा मिळणे, तो वाड्यावस्त्यांवर पोचणे, दारे-खिडक्या बंद करून घरात थांबावयाचे की गाव सोडावयाचे हे ठरणे, आयोडीनच्या गोळ्या वाटणे, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी वाहन मिळणे, या सर्वांस तास लागतात. भट्टीतील नळीने धरलेला प्रत्येक तास हा तलाठ्याला, ग्रामसेवकाला, सरपंचाला आणि शिक्षकाला मिळालेला तास असतो.

फुकुशिमाच्या परिसरात स्थलांतराच्या घाईतच रुग्णालयांतील व वृद्धाश्रमांतील कित्येक दुर्बल माणसे दगावली. त्यांना किरणांनी नव्हे, तर अपुऱ्या तयारीने गाठले. म्हणून शास्त्रज्ञाने मिळवून दिलेला अवधी गावाला वापरता आला पाहिजे. रंगीत तालीम ही उपचारापुरती उरकण्याची बाब नव्हे. गावातील अंथरुणाला खिळलेल्यांची यादी अद्ययावत आहे काय, शाळेतील मुले कोठे जमतील, मासेमारीस गेलेल्या होड्यांना निरोप कसा पोचेल, हे पंचायतीने विचारावयाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळणार नाहीत.

त्याचबरोबर केंद्राच्या अधिकाऱ्यांनाही नेमके प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ‘केंद्र सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नास ‘होय’ एवढेच उत्तर मिळते आणि त्याने कोणाचेच समाधान होत नाही. ‘सर्व वीज गेली तर इंधन किती तास टिकेल आणि तेवढ्या तासांत पाणी कोठून येईल?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते आणि आकडा तपासता येतो. नळीवरील क्रोमियमचा थर केसापेक्षाही पातळ आहे. त्याचा उपयोग होण्यासाठी नळीच्या आतील द्रव्याची जितकी जाण शास्त्रज्ञास हवी, तितकीच कुंपणाबाहेरील वस्तीची जाण प्रशासनास आणि लोकप्रतिनिधींस असावयास हवी.